पुण्यातील जपानी पान

नांदेडास जन्मलेल्या, गोदावरीच्या पाण्यावर आणि ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या, आणि उभा जन्म शाळेतील मुलांकडून शब्दरूपे घोकवून घेण्यात घालविलेल्या मनुष्याने जपानी भोजनगृहांविषयी चार शब्द लिहावयास बसावे, हे वाचकांस विपरीत वाटण्याचा संभव आहे. तेव्हा हा योग कसा आला ते आधी सांगितले पाहिजे.

माझे धाकटे बंधू लातुरास असतात. त्यांची कन्या, म्हणजे माझी पुतणी, यंत्रशास्त्राची पदवी घेऊन पुण्यास नोकरीस लागली आणि फावल्या वेळात जपानी भाषा शिकू लागली. पुण्यात ही भाषा शिकणारी मुले पुष्कळ. रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग चालतात, तेथे जपानीही शिकवितात. दोन वर्षांनी तिला जपानातील नागोया शहरी एका मोटारींच्या कारखान्यात जागा देऊ केल्याचे पत्र आले. घरातील कोणाचाही परदेशगमनास विरोध नव्हता; समुद्र ओलांडण्याचा दोष मानण्याचे दिवस आमच्या आजोबांबरोबरच गेले. प्रश्न निघाला तो अन्नाचा. नांदेडच्या घरी माझ्या मातोश्री आहेत. त्यांचे वय शहाऐंशी. त्यांनी एकच गोष्ट विचारली, “तिथे पोरीच्या ताटात काय पडेल?” आणि त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणासही देता येईना. बंधू म्हणाले, “दादा, तुम्हीच एकदा पुण्याला जाऊन डोळ्यांनी पाहून या. आईचा तुमच्या शब्दावर विश्वास आहे.”

नांदेडहून पुण्यास परभणी, परळी, लातूर, धाराशिव, कुर्डुवाडी, दौंड अशी जाणारी एक गाडी आहे, तिने निघालो. दिवस भाद्रपदाचे होते. लातूरच्या पुढे उजाडले तेव्हा दोहो बाजूंस दृष्टी पोहोचेल तेथवर सोयाबीन उभे. माझ्या बालपणी ह्याच रानांत ज्वारी, तूर आणि कापूस दिसे. सोयाबीन हे नावही आम्हांस ठाऊक नव्हते. आता खरिपाचे मुख्य पीक तेच, आणि लातूरचा मोंढा त्याच्या व्यापारासाठी साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध. परंतु पीक आमचे असले तरी अन्न मात्र आमचे नव्हे. घाणीत तेल निघते, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि शेतकऱ्याच्या घरी त्यातले येते ते फार तर पिशवीतल्या वड्यांच्या रूपाने. वाचकांनी हे सोयाबीन लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याचे काम आहे.

मुंबईपुण्याकडे जपानी भोजनगृहे आता नवलाची राहिलेली नाहीत. मुंबईस ताजमहाल हॉटेलात २००४ साली मोरिमोतो ह्या नामांकित जपानी पाकशास्त्र्याच्या नावाने ‘वासाबी’ उघडले, तेव्हा वर्तमानपत्रांतून मोठा गाजावाजा झाला होता. तसे पाहिले तर मुंबईचा आणि जपानचा संबंध बराच जुना. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या साहाय्याने एका जपानी कंपनीने मुंबई ते कोबे अशी आगबोट सुरू केली, ती मुख्यतः आपल्या कापसासाठी. वरळीस जपानी भिक्षूंचे बौद्ध मंदिरही आहे. पुण्यास चाकण-रांजणगावच्या कारखान्यांमुळे जपानी कुटुंबे येऊन राहिली, आणि त्यांच्यापाठोपाठ त्यांची खानावळ आली. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामा शहरातील कोराकुएन बागेच्या धर्तीवर रचलेले आहे, ते पुतणीने मला पहिल्याच सायंकाळी दाखविले. बाग सुंदर आहे. पण मी आलो होतो स्वयंपाकघर पाहावयास.

पहिले भोजनगृह शहराच्या पूर्वेकडील श्रीमंत वस्तीत होते. मंद दिवे, काळ्या पाषाणासारखी टेबले, आणि बोलणाऱ्यांपेक्षा कुजबुजणारेच अधिक. पुतणीने खाद्यपदार्थांचे पत्रक चाळून प्रथम जे मागविले ते एका वाडग्यात वाफाळत आले. पाहतो तो हिरव्या शेंगा! मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, लव असलेल्या, दोन-दोन तीन-तीन दाण्यांच्या शेंगा. मी एक उचलली, दातांनी दाणे काढले आणि थबकलो. “ही तर सोयाबीनची शेंग!” पुतणी हसली. “हो काका. ह्याला एदामामे म्हणतात. तिकडे हे आपल्या हुरड्यासारखं. ऋतू आला की घरोघरी.” दाणा थोडा गोडसर, ओल्या भुईमुगाहून मऊ, ढाळ्यातल्या हिरव्या हरभऱ्याहून भरीव. भाजीच्या शेंगेचे वाण निराळे, मोठ्या दाण्याचे असते असे ती म्हणाली. तरी झाड तेच. किंमत पाहिली: वाडग्यास साडेतीनशे रुपये. त्या वर्षी, म्हणजे २०२४ साली, सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४८९२ रुपये ठरविला होता, आणि मोंढ्यात त्याहून कमी भावाने पोती जात होती. म्हणजे त्या मूठभर शेंगांच्या दामात आमच्या लातुरास आठ किलो सोयाबीन येते. मी हा हिशेब मोठ्याने केला, तेव्हा शेजारच्या टेबलावरील तरुणांनी वळून पाहिले. त्यास माझा इलाज नाही. शिक्षकाचा आवाज निवृत्त होत नाही.

पुढे जे जे आले त्या प्रत्येकात हेच धान्य वेष पालटून उभे. तोफू म्हणजे सोयाबीन भिजवून, वाटून, उकळून त्याचे दूध काढावे व ते क्षाराने विरजवून दाबावे. दिसण्यात पनीर, चवीस पनीराहून सौम्य. शोयु हा काळा द्रव म्हणजे सोयाबीन आणि गहू आंबवून, मिठाच्या पाण्यात कित्येक महिने मुरवून गाळलेला रस. मिसो ही घट्ट लगद्यासारखी. तिच्यात तांदळावर किंवा जवावर एक विशिष्ट बुरशी वाढवून ती शिजलेल्या सोयाबीनात मीठ घालून कालवितात आणि पिंपात मुरू देतात. कच्चे सोयाबीन पोटास बाधते, हे आमच्या शेतकऱ्यांसही ठाऊक आहे. त्या लोकांनी त्याचा बाध काढण्यासाठी शिजविणे, विरजविणे, आंबविणे अशा युक्ती शतकानुशतके घोटून ठेविल्या आहेत. आपण उडदाचे जे केले, डाळ, पापड, वडे, इडली, सांडगे, ते त्यांनी ह्या एका दाण्याचे केले.

मग आली मिसोची पातळ आमटी. वास चांगला होता. पण मी ओठास लावण्यापूर्वी पुतणी म्हणाली, “थांबा काका. आधी आचाऱ्याला विचारते.” ती आत गेली व आचाऱ्यास घेऊनच बाहेर आली. मला वाटले होते जपानी गृहस्थ असेल. निघाला मणिपूरचा तरुण. त्याने सरळ हिंदीत सांगितले की, आमटीच्या पाण्यात मासा आहे. ह्या पाण्यास दाशी म्हणतात. कोंबू नावाची वाळविलेली समुद्रवनस्पती आणि बोनितो माशाच्या वाळविलेल्या, धुरविलेल्या तुकड्याचा कीस, ही गरम पाण्यात घालून गाळून घेतलेला अर्क. जपानी पाकाचा हा पाया. आमटी, रस्सा, शिजविलेली भाजी, शेवयांचे पाणी, सर्वांत तो असतो. डोळ्यांस दिसत नाही. १९०८ साली तोक्यो विद्यापीठातील किकुनाए इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कोंबूच्या पाण्यातील चवीचे मूळ द्रव्य शोधून काढले आणि त्या चवीस ‘उमामी’ हे नाव दिले. आपल्या वैद्यकात षड्रस आहेत. हा सातवा म्हणावा की काय, हा प्रश्न मी वैद्यमित्रांवर सोपवितो.

आचारी प्रामाणिक होता, ह्याचे मला फार समाधान वाटले. त्याने दुसरी आमटी केवळ कोंबू आणि वाळलेले अळिंब ह्यांच्या पाण्यात करून आणली आणि बोलता बोलता सांगितले की, त्याच्या मणिपुरात सोयाबीन शिजवून, पानांत गुंडाळून, आंबवून ‘हवाइजार’ करतात. जपानी लोकांचे ‘नात्तो’ तेही तसेच, तार सुटणारे आणि उग्र वासाचे. “आमच्या आजीने केलेले खाल्ले असते तर जपान्यांनीही नाव काढले असते,” असे तो म्हणाला. म्हणजे हा दाणा खाण्याची विद्या भारतवर्षात नाही असे नव्हे. ती पूर्वेच्या डोंगरांत आहे, आमच्या मोंढ्यापर्यंत आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतणीने मला एका लहानशा, साध्या खानावळीत नेले. येथे जपानी कुटुंबे जेवावयास येतात. मला खरे शिकावयास मिळाले ते येथे. पदार्थांपेक्षा जेवणाऱ्यांकडेच माझे लक्ष अधिक. प्रत्येकासमोर स्वतंत्र तबक; त्यात भाताचा वाडगा, आमटीचा वाडगा, दोन-तीन लहान वाट्या. एकाचा हात दुसऱ्याच्या ताटात नाही. त्यांच्या घरी भाताचा वाडगा आणि जेवणाच्या काड्या ज्याच्या त्याच्या ठरलेल्या असतात, असे पुतणीने सांगितले. ज्या घरांत उष्ट्या-खरकट्याचा विचार अजून होतो, तेथील गृहिणींस ही रीत आवडेल. जेवण्यापूर्वी हात जोडून ‘इतादाकिमासु’, म्हणजे ‘हे मी नम्रपणे स्वीकारतो’, असे म्हणावयाचे. उठताना ‘गोचिसोसामा’ म्हणून अन्न सिद्ध करणाऱ्याचे आभार मानावयाचे. एका चार वर्षांच्या मुलाने हात न जोडता काडी उचलली, तेव्हा त्याच्या आईने नुसते पाहिले. मुलाने काडी खाली ठेविली. आपल्या घरी जेवणाआधी श्लोक म्हणण्याची चाल किती घरांत उरली आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

काड्यांस ‘हाशी’ म्हणतात. त्यांचे नियम ऐकून मी चकित झालो. भातात काडी उभी रोवावयाची नाही. तसा भात मृतापुढे ठेवितात. एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास द्यावयाचा नाही. दहनानंतर अस्थी वेचताना आप्त तसे करितात. आपल्याकडे श्राद्धाचे पान निराळ्या रीतीने वाढतात आणि रोजच्या पंगतीत ती रीत वर्ज्य मानतात, त्यातलाच हा भाग. एक गोष्ट मात्र मजेची. शेवयांचा रस्सा खाताना तेथे भुरका मारलेला चालतो. नव्हे, न मारला तर शेवया आवडल्या नाहीत की काय असे वाटते. कढीचा भुरका मारणाऱ्या मुलांस इंग्रजी शिष्टाचार शिकवून आपण गप्प केले. आता जपान्यांचा दाखला देण्यास हरकत नाही.

मला काड्या जमल्या की नाहीत, असे वाचक विचारतील. भात चिकट असल्यामुळे घास उचलता आला. तोफूने मात्र मला दाद दिली नाही, आणि मी चमचा मागून घेतला.

सुशी हा पदार्थ आपल्याकडे कच्च्या माशासाठी कुप्रसिद्ध आहे. परंतु सुशीचा मुख्य भाग भात होय. शिर्का, साखर आणि मीठ घालून आंबटगोड केलेला तो भात. वर काय ठेवावे हा पुढचा प्रश्न. मला काकडीची, नोरी नावाच्या समुद्रवनस्पतीच्या पातळ कागदात गुंडाळलेली सुशी मिळाली. ह्या भातास सुशीवाले ‘शारि’ म्हणतात. शब्द ऐकून माझे कान टवकारले. हा आपला ‘शरीर’ शब्द! बुद्धाच्या अस्थिधातूंस बौद्ध लोक शरीर म्हणत. तो शब्द चीनमार्गे जपानास गेला, आणि पांढऱ्याशुभ्र दाण्यांवरून तेच नाव भातास पडले. अस्थीचे नाव अन्नास, हे ऐकून कोणी नाक मुरडील. पण आपला ‘भात’ तरी कोठून आला? संस्कृत ‘भक्त’ शब्दापासून. शब्दांची कुळे पाहू लागलो तर पंगत उठावयाची नाही. आणखी एकच सांगतो. जपानी लोक पावास ‘पान’ म्हणतात, आपण पाव म्हणतो. दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे. त्यांची तेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेली भाजी, हीदेखील सोळाव्या शतकात पोर्तुगीजांपासून घेतलेली. पुतणीची वही चाळली तर तिच्यात अक्षरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. पवर्गाच्या जागी ‘ह’ कसा, म्हणून मी अडलो, तर प्राचीन जपानीत तो उच्चार ‘प’ होता असे भाषाशास्त्रज्ञांनी ठरविले आहे. सिद्धम् लिपीत संस्कृत मंत्र शिकणाऱ्या भिक्षूंनी आपली वर्णमाला तिकडे नेली, तिचा हा ठसा. पाणिनीच्या शिष्यांस परक्या घरी आपले भांडे ओळखू यावे, तसे मला झाले.

परंतु भांडे ओळखल्याने आतला मासा जात नाही. मातोश्रींना सांगावयाचे ते उत्तर अजून मिळावयाचे होते. पुतणीस मी स्पष्ट विचारले, “दाशीचे काय करशील?” तिने काही क्षण विचार केला. ती म्हणाली, “काका, मासा मी खाणार नाही. घरी स्वयंपाक करीन. पण कारखान्याच्या भोजनालयात, कोणाच्या घरी बोलावलं तर, प्रत्येक वाटीमागे मी पाण्याची चौकशी करीत बसणार नाही. खोटं सांगून जाण्यापेक्षा आत्ताच सांगते.” मी काही बोललो नाही. पण तिचे हे बोलणे मला त्या वेळीही आवडले.

जपानच्या इतिहासात शाकाहार अगदी परका नाही. ६७५ साली तेम्मू सम्राटाने गाय-बैल, घोडा, कुत्रा, वानर, कोंबडी ह्यांचे मांस खाण्यास बंदी करणारी आज्ञा काढली. पुढे बाराशे वर्षे, कमी-अधिक पाळली जाऊन, मांसाविषयीची ही भावना टिकली. मासा मात्र चालू राहिला. १८७२ साली मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि देशाने नवे वळण घेतले. मठांतून मात्र ‘शोजिन र्योरी’ नावाचा निवृत्तिमार्गी पाक अजूनही आहे. त्यात मासा-मांस नाहीच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य! चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या आजीने तो पाक निःशंकपणे ग्रहण केला असता. दोगेन नावाच्या झेन आचार्याने १२३७ साली मठातील आचाऱ्याची कर्तव्ये सांगणारा ग्रंथ लिहिला. चीनमध्ये असताना त्यास एकसष्ट वर्षांचा एक भिक्षू भेटला. तो मठाच्या स्वयंपाकासाठी अळिंबे विकत घ्यावयास पायी चालत बंदरावर आला होता. दोगेनने विचारले, ह्या वयात ध्यानधारणा सोडून आपण स्वयंपाक कां करिता? तो म्हातारा हसला आणि रात्र होण्यापूर्वी परत जावयास निघाला. झेन हा शब्द आपल्या ‘ध्यान’ शब्दाचा अपभ्रंश, हे वाचकांस विदित असेलच.

नांदेडास परत आलो. बंधू सहकुटुंब लातुराहून आले होते. रात्री जेवणे झाल्यावर मातोश्रींच्या पलंगाभोवती सारे बसलो आणि मी पाहिले ते सर्व सांगितले; दाशीचेही सांगितले, काही लपविले नाही. माझ्या पत्नीने भूकंपाची गोष्ट काढली. बंधू म्हणाले, “वहिनी, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण कोठे होतो?” किल्लारीचे नाव कोणी घेतले नाही. भूकंपाचा विषय तेथेच संपला.

मग मी उषस्ति चाक्रायणाची कथा सांगितली. छांदोग्य उपनिषदात ती आहे. कुरुदेशात पिके गेली असता उपाशी उषस्तीने एका महाताच्या उष्ट्या ताटातील कुल्माष मागून खाल्ले. महाताने पाणी देऊ केले, ते त्याने नाकारले; म्हणाला, हे पाणी उष्टे आहे. “मग कुल्माष उष्टे नव्हते काय?” तेव्हा उषस्तीने उत्तर दिले की, ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मला इतरत्र मिळेल. ब्रह्मसूत्रांत ह्यावर स्वतंत्र अधिकरण आहे आणि निर्णय असा की, सर्व अन्नाची मोकळीक प्राणसंकटापुरतीच. मी म्हणालो, “आता नागोयात पोरीच्या प्राणावर बेतणार आहे असे म्हणता येत नाही. तेव्हा शास्त्राच्या काट्यावर तिची बाजू पुरती बसत नाही, हे मी मान्य करतो.”

मातोश्री बराच वेळ माळ ओढीत होत्या. मग म्हणाल्या, “बहात्तरच्या दुष्काळात आपण मिलोची तांबडी भाकरी खाल्ली. रेशनावर परदेशातून आलेली. कोणी पेरली, कोणी शिवली, कुणी विचारलं होतं? तुझे वडील आधी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी ती भाकरी ताकात कुस्करून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, तुम्ही जेवला नाहीत तर पोरंही जेवणार नाहीत.” पुढे पुतणीकडे वळून, “तू जा. एक वेळचं आपल्या हातानं रांधून खा. दुसऱ्या वेळी जे पुढ्यात येईल ते तुझं तू पाहा. पण इथे आलीस की, खाल्लं असलंस तर खाल्लं म्हण. माझ्याशी खोटं बोलू नकोस.” पुतणीने त्यांच्या पायांवर डोके ठेविले. शास्त्र मी सांगितले, निर्णय त्यांनी दिला. आमच्या घरी कामाची वाटणी पूर्वीपासून अशीच आहे.

ती गेल्यास आता वर्ष होऊन गेले. मेतकूट, गोडा मसाला आणि कुळथाचे पीठ सामानातून गेले होते, ते दिवाळीपूर्वीच संपले. तिची पत्रे येतात, म्हणजे फोनवर लांबलचक मजकूर येतो, तो तिची आई मातोश्रींना वाचून दाखविते. नागोयाजवळ ओकाझाकी गावी ‘हात्चो मिसो’ करितात. तिच्यात तांदूळ नाही, जव नाही, नुसते सोयाबीन आणि मीठ. देवदाराच्या भल्या मोठ्या पिंपात भरून वर दगडांची शंक्वाकृती रास रचतात आणि दोन वर्षे, क्वचित अधिक, मुरू देतात. ती पाहून तिला आजीच्या लोणच्याची बरणी आणि तिच्यावरचा पाटा आठवला. कोंबूच्या पाण्यात तूरडाळ शिजवून तिने वरण केले, ते “वाईट नाही, पण वरण नव्हे” असा तिचाच अभिप्राय. दोन वेळा दाशीची आमटी प्यायल्याचेही तिने लिहिले. मातोश्रींनी ते ऐकून घेतले आणि पुढे काय लिहिले आहे ते विचारले.

यंदा भाद्रपदात मी लातुरास होतो. औश्याकडे बंधूंची पाच एकर जमीन आहे, तीत सोयाबीन आहे. शेंगा भरल्या होत्या, पण पाने पिवळी पडावयाची होती. वाटेकऱ्यास सांगून चार झाडे उपटविली, घरी मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात शेंगा उकडल्या आणि मुलांपुढे परातीत ओतल्या. वाटेकरी दारात उभा राहून पाहत होता. जन्मभर हे पीक काढून त्याने हा दाणा असा कधी तोंडात घातला नव्हता. त्याने दोन शेंगा खाल्ल्या, तिसरी घेतली आणि म्हणाला, “गुरुजी, ब्येस लागतंय की. पर संगं मिरचीचा ठेचा पायजे.” वहिनी ठेचा करावयास आत गेल्या.